गेरवाडीचा डोंगर आणि सहा मोटरी

थांबवायचं बटण कुमुदने दाबलं, पण मोटर थांबली नाही.

तिने पुन्हा दाबलं. पंपगृहातल्या सहाही मोटरींचा तोच भरदार घुमारा चालू राहिला. पॅनेलच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक ओळ उमटली : 'थांबवणे सुरक्षित नाही. कारण : वळण क्रमांक नऊ.'

"बंडगर, हे काय म्हणतंय?" तिने विचारलं.

पंपगृहाचे जुने ऑपरेटर बंडगर चष्मा कपाळावर चढवून पुढे आले. त्यांनी ओळ दोनदा वाचली. "सुरू करताना अडून बसलेलं बघितलंय, मॅडम. थांबताना अडलेलं पहिल्यांदाच बघतोय."

कुमुद पुकळे ही धोंडगाव उपसा सिंचन योजनेच्या तिसऱ्या टप्प्याची उपअभियंता. खालच्या जलाशयातलं पाणी सहा पंपांनी उचलायचं, माणूस उभा चालत जाईल एवढ्या रुंद पोलादी नळातून डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे न्यायचं, आणि माणदेशाच्या पठारावरल्या कालव्यात सोडायचं, हे तिचं काम. रब्बीचं आवर्तन त्या दिवशी संपलं होतं. आता पंप बंद करायचे, नळ रिकामा करायचा आणि दुरुस्तीला हात घालायचा, एवढंच उरलं होतं.

आणि मोटरी थांबायला तयार नव्हत्या.

हे समजायला मोटर सुरू कशी होते ते आधी समजलं पाहिजे. विजेची मोठी मोटर उभी असते तेव्हा फार अधाशी असते. एकदम पूर्ण दाबाची वीज दिली, तर पहिल्या काही क्षणांत ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. आसपासच्या गावांतले दिवे मिणमिणतात, शाफ्टला हिसका बसतो आणि नळातलं पाणी दणका खातं. थांबवतानाही तीच तऱ्हा. धावतं पाणी एकाएकी अडलं की मागे वळतं आणि नळावर घणासारखं आदळतं. म्हणून सॉफ्ट स्टार्टर आले. त्यातला थायरिस्टर म्हणजे विजेच्या वाटेवरचं अतिचपळ दार. विजेच्या प्रत्येक लाटेतला थोडाच भाग ते आधी आत सोडतं, मग जरा जास्त, मग आणखी जास्त. मोटर दमादमाने वेग घेते. थांबवताना हेच उलट.

पण त्या जुन्या यंत्राचं काम तेवढ्या काही सेकंदांपुरतंच असायचं. मोटर फार वेळ मंद चालवायला गेलं तर ती तापायची. धोंडगावच्या पंपगृहात दोन वर्षांपूर्वी बसवलेला सॉफ्ट स्टार्टर वेगळा होता. पुण्याच्या डॉ. शमीम मुजावर यांनी तो घडवला होता. त्यातले स्विच कृत्रिम हिऱ्याच्या पातळ चकत्यांवर बनवलेले होते. विजेच्या लाटेचे बारीक तुकडे करून त्यांतून ते हवी तशी नवी लाट विणत. त्यामुळे मोटर वाटेल त्या वेगाने, वाटेल तितका वेळ चालवता येई.

शिवाय हे यंत्र ऐकत असे. मोटरीच्या पोटातला फिरता भाग चुंबकाच्या बळावर जणू झुलत असतो. त्याच्यावरचा भार केसभर बदलला तरी करंटला सुरकुती पडते. हे यंत्र मोटरीच्या वेगात मुद्दाम एक बारीकशी लहर घाली. ती पंपातून पाण्यात, पाण्यातून नळात, नळातून डोंगरापर्यंत जाई, आणि प्रत्येक वळणावरून, प्रत्येक सांध्यावरून तिचा पडसाद परत येई. विहिरीत हाक मारावी आणि घुमलेल्या आवाजावरून पाणी किती खोल गेलंय ते ताडावं, तसं. नळाला कुठे गळती आहे, कुठे गाळ साचलाय, हे यंत्र बसल्या जागी सांगायचं. त्याचं कागदावरचं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. पंपगृहात सगळे त्याला 'सबुरी' म्हणत.

त्या सबुरीने आता थांबायला नकार दिला होता. आणि वळण क्रमांक नऊ होतं गेरवाडीच्या डोंगरावर. खाली गेरवाडी गाव. त्या गावात कुमुदची थोरली बहीण राहत होती.

*

डॉ. शमीम दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलताना हाताने हवेत आकृत्या काढणाऱ्या बाई. चहाला हातही न लावता त्या पडद्यासमोर बसल्या. त्यांनी सहाही मोटरींतून वेगवेगळ्या लहरी सोडल्या, एकीपाठोपाठ एक. परत आलेले पडसाद जुळवायला यंत्राने तासभर घेतला. मग पडद्यावर हळूहळू एक चित्र उमटत गेलं. आधी नळ. मग नळाभोवतीचा मुरूम. मग त्याच्या मागचा, त्याच्या खालचा, आतला डोंगर.

कुमुद खुर्चीवरून उठून उभी राहिली. ज्या डोंगराकडे ती रोज बघत होती, तो आज आतून दिसत होता. काळ्या खडकाचे जाडजूड थर, आणि दोन थरांमध्ये अंथरल्यासारखा तांबड्या मातीचा एक पातळ पट्टा.

"कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला," डॉ. शमीम सांगू लागल्या. "तो थंड झाला, वर माती धरली. मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून तांबडी झाली. तीच ही."

"गेरू," कुमुद म्हणाली. "त्यावरूनच गावाचं नाव पडलं. आमची आक्का भिंती सारवते त्याने."

"कोरडा असताना घट्ट असतो. पण वरच्या कालव्यातलं पाणी वर्षानुवर्षं झिरपून त्यात गेलंय. आता तो लोण्यासारखा झालाय. त्याच्यावरची डोंगराची कड सरकत सरकत खाली आली, आणि इथे अडली." त्यांनी नळावर बोट ठेवलं. "तुमच्या नळावर. नळ गोल राहिलेला नाही, बघा. अंड्यासारखा झालाय. पूर्ण का चेपला नाही, सांगा?"

कुमुदला उत्तर माहीत होतं. "आत पाणी आहे म्हणून."

"पाणी आहे, आणि पाण्याला दाब आहे म्हणून. ते वळण नळाचा सगळ्यात उंच भाग. पंप थांबले की तिथलं पाणी ओसरतं आणि नळ पोकळ होतो. काल तुमच्या बटणाने मोटरी थांबल्या असत्या, तर..." त्यांनी हात हवेतच थांबवला.

पंपगृहात मोटरींचा घुमारा चालूच होता. कुमुदने त्या सहा मोटरींकडे पाहिलं. हिरव्या रंगाच्या, हत्तीएवढ्या, रोजच्या ओळखीच्या. आवर्तनाचे कितीतरी दिवस त्या पठारावर पाणी चढवत होत्या, आणि कुणालाही न कळत त्यांनी एक डोंगर तोलून धरला होता.

"किती दिवस धरून ठेवता येईल?" तिने विचारलं.

"फार नाही. नळ रोज थोडा थोडा चेपतोय. तो फुटला तर पाणी, चिखल, दगड, सगळं एकदम गावावर जाईल."

"मग?"

"मग एकच वाट आहे. सॉफ्ट स्टॉप." डॉ. शमीम पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या. "आपण मोटर थांबवायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. इथे पूर्ण दिवस घ्यायचा. दाब एक कण कमी करायचा, डोंगर काय म्हणतो ते ऐकायचं, तो स्थिरावला की पुढचा कण. गेरू ओला आहे. घाई केली नाही तर तो डोंगराला हळूहळू सरकू देईल. कोसळू देणार नाही. नळ शेवटी चिरडला जाईल, पण तोवर त्यात पाणी उरलेलं नसेल."

"म्हणजे डोंगर खाली येणारच."

"येणार. आपण आणायचा, एवढाच फरक. माणसं आधी हलवायची. घरं मात्र..."

*

पुढचे दोन दिवस फोन, बैठका आणि आदेश यांत गेले. गेरवाडीच्या समोरच्या माळावर तंबू उभे राहिले, गाड्या आल्या. मुख्य अभियंत्यांनी लेखी कळवलं की दाब कमी करण्याची अंतिम संमती स्थळावरच्या अभियंत्याने द्यावी. स्थळावरची अभियंता म्हणजे कुमुद.

गाव मात्र हलेना. आदेश वाचून दाखवायला गेलेल्या तलाठ्याला लोकांनी चहा पाजून परत पाठवलं. मग कुमुद स्वतः गेली.

इंदुआक्का अंगणात बसून लोकर पिंजत होती. कुमुदहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे कुमुदची वेणी घालण्यापासून तिला कॉलेजात धाडण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. तिचा नवरा म्हाकूदाजी मेंढरांच्या वाड्यापाशी काहीतरी ठोकत होता. कुमुदने सगळं सांगितलं. आक्काचा हात लोकरीतून एकदाही थांबला नाही.

"डोंगर काय आज आला व्हय हितं?" ती शेवटी म्हणाली. "माजी सासू हितंच म्हातारी झाली. तिची सासू बी. कुणाच्या डोस्क्यावर पडला न्हाई तो."

"आक्का, तो नळावर टेकलाय."

"मग टेकू दे की. नळ तुमचाच हाय न्हवं? ऱ्हावा चालू."

"कायम चालू नाही ठेवता येणार. नळ फुटेल."

आता आक्काने हात थांबवला. "म्हंजी तू डोंगर पाडणार. माज्या घरावर. बटण दाबून."

"पाडणार नाही. हळूहळू..."

"हळू पाडलं काय न् जोरात पाडलं काय, घर माजंच न्हवं? देवानं पाडलं असतं तर रडून गप बसले असते. पर सख्खी भन पाडणार म्हटल्यावर मी कुणाच्या नावानं रडू?"

दाजींचं ठोकणं थांबलं होतं. कुमुद उठून म्हणाली, "आक्का, माझ्याबरोबर वर चल. एकदाच. मग तू म्हणशील तसं."

गावाच्या वर, चढणीवर, नळ एका काँक्रीटच्या चौथऱ्यापाशी जमिनीबाहेर येत होता. आक्का, दाजी आणि मागून आलेले पाचसहा जण तिथे उभे राहिले. कुमुदने फोनवर डॉ. शमीमना विचारलं. त्यांनी सबुरीला विचारलं. एवढ्याने धोका नाही असं यंत्राने सांगितलं, तेव्हाच कुमुदने आक्काचा हात धरून नळाच्या गार पोलादावर ठेवला.

"मॅडम, अगदी थोडा कमी करा," ती फोनवर डॉ. शमीमना म्हणाली.

नळात एक बारीक थरथर होती. ती किंचित खाली गेली. बाकी काही झालं नाही. आक्का कुमुदकडे बघायला लागली.

आणि मग डोंगर बोलला.

आवाज कानांना आधी कळला नाही, तळपायांना कळला. लांब कुठेतरी, खूप खोल, कुणी अवाढव्य जातं ओढावं तशी घरघर. ती पायांतून गुडघ्यांत चढली, छातीत आली. वरच्या बाजूला मुरमात एक बारीक चीर पडली आणि तिच्यातून तांबड्या मातीची धार घरंगळायला लागली. नळाच्या पत्र्याने एकदाच कण्हल्यासारखा आवाज केला.

"वाढवा," कुमुद म्हणाली.

थरथर वर चढली. घरघर विरत गेली. मातीची धार बारीक झाली आणि थांबली. कुणीतरी तोंड झाकून घ्यावं तसा डोंगर गप्प झाला.

दाजींनी चप्पल काढून हात जोडले. एका म्हाताऱ्याने खाली बसून दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि तसाच बसून राहिला.

आक्काचा हात अजून नळावर होता. "जित्ता हाय गं ह्यो," ती हलक्या आवाजात म्हणाली. मग नळावर कान टेकवून तिने विचारलं, "आन् ह्यो नळ आपलं बोलणं बी ऐकतो?"

"सगळं ऐकतो. कुणी खडा मारला तरी तिकडे कळतं."

आक्का चढण उतरायला लागली. घरापाशी आल्यावर ती वळली. "घर सोडते. वाड्या-वस्तीवर बी मीच सांगते, माजं ऐकतील. पर तुला माफ केलं आसं समजू नगंस."

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव माळावर होतं. दुसऱ्या दिवशी सगळं.

*

ठरल्या दिवशी सूर्य वर आल्यावर काम सुरू झालं. पंपगृहाच्या गच्चीवरून गेरवाडीचा डोंगर समोर दिसायचा. कुमुद हातात छोटा पडदा घेऊन तिथे उभी राहिली. डॉ. शमीम तिच्या शेजारी टेबल मांडून बसल्या होत्या. खाली मोटरींपाशी बंडगर.

सबुरी दाब एक पायरी उतरवी आणि थांबे. लहर सोडी. पडसाद ऐके. मग कुमुदच्या पडद्यावर प्रश्न येई : 'पुढे?' ती समोरच्या डोंगराकडे बघे आणि संमती देई. पुन्हा एक पायरी.

पहिले काही तास डोळ्यांना काहीच दिसलं नाही. डॉ. शमीमच्या पडद्यावर मात्र डोंगराची कड नखाएवढी, मग बोटाएवढी, मग वीतभर खाली आली होती. मग उघड्या डोळ्यांनाही कळलं. डोंगराच्या माथ्याखाली एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू रुंदावत गेली. रेघेखालची सगळी कड, झाडांसकट, बांधांसकट, पायवाटांसकट, एकसंध खाली निघाली होती. वाऱ्यावर ढगाची सावली सरकावी इतकी शांत.

"आयुष्यभर मी मोटरी हळू थांबवत आले," डॉ. शमीम पुटपुटल्या. "हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं."

तेवढ्यात पडद्यावरचा प्रश्न बदलला. 'काम थांबवले आहे. अनोळखी आवाज. वळण क्रमांक नऊजवळ.'

डॉ. शमीमनी आवाज मोठा केला. डोंगराच्या घरघरीतून, पाण्याच्या सळसळीतून, एक बारीक ठोका येत होता. टक, टक, टक. थांबून पुन्हा टक, टक, टक.

"खडक तडकतोय का?" कुमुदने विचारलं.

"खडक असा मोजून तडकत नाही," डॉ. शमीम म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

कुमुदचा फोन वाजला. आक्का होती. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "कुमे, तुजे दाजी दिसंनात गं! यक मेंढी व्यायला झाली व्हती, हलवता येईना म्हून मागं ठिवली व्हती. पहाटंच तिकडं गेल्यात म्हंत्यात. फोन बी लागंना."

समोर डोंगर चालत होता. ठोका येत होता. दाजींनी नळ ऐकतो हे ऐकलं होतं, आणि आता मेंढी सोडून निघवेना म्हणून ते दगड घेऊन नळावर हाका मारत होते.

"आहे तिथे धरून ठेवा," कुमुद म्हणाली.

"नाही धरता येणार. कड आता चालू लागली आहे. या दाबाला ती थांबणार नाही."

"मग किती दाबाला थांबेल?"

डॉ. शमीमनी आकडा काढला आणि मान हलवली. "सुरुवातीला होता त्याहूनही जास्त. सहाही मोटरी मर्यादेच्या वर न्याव्या लागतील. आणि झटक्याने नाही, नाहीतर चेपलेला नळ तिथेच फुटेल. कुमुद, तुम्ही डोंगर मागे ढकलायला सांगताय."

"मागे नको. नुसता थांबू दे. माणूस बाहेर येईपर्यंत." एका बाजूला दाजी होते. दुसऱ्या बाजूला फुटला तर सगळं गाव एका क्षणात गाडून टाकणारा नळ. पण गावात आता घरं होती, माणसं नव्हती. माणूस एकच होता. "चढवा," ती म्हणाली.

मग सबुरीने तिचं खरं काम केलं. सॉफ्ट स्टार्ट. सगळ्यांत अवघड भार अंगावर असताना, सगळ्यांत हलक्या हाताने. सहाही मोटरींचा घुमारा इतका सावकाश वर चढू लागला की कुठे सुरू झाला ते कळू नये. करंट चढत गेला. गच्चीचं काँक्रीट पायाखाली गुणगुणायला लागलं. खाली बंडगरांनी सगळी दारं-खिडक्या उघडली, होते नव्हते तेवढे पंखे लावले, आणि दर थोड्या वेळाने ते ओरडून मोटरींचं तापमान सांगू लागले. प्रत्येक वेळी आकडा वाढलेला असे.

समोरची काळी रेघ रुंदावायची थांबली.

कुमुदचा आधी विश्वास बसला नाही. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. डोंगराची अख्खी कड, हजारो गाड्यांत मावणार नाही एवढी माती, दगड, झाडं, जिथल्या तिथे उभी होती. आणि तिला धरून ठेवलं होतं पाण्याने. खालच्या जलाशयातल्या साध्या, ओंजळीत घेतलं तर बोटांतून गळून जाईल अशा पाण्याने.

"थांबला," डॉ. शमीम कुजबुजल्या, जणू मोठ्याने बोललं तर तो पुन्हा निघेल.

कुमुदने फोनवर सांगितल्यावर माळावरून एक जीप धूळ उडवत गावाकडे निघाली होती. ती घरांमागे दिसेनाशी झाली. ठोका बंद झाला. बंडगर खालून ओरडत होते, तीन नंबरची मोटर आता सोसणार नाही म्हणून. कुमुदचे डोळे घरांच्या त्या रांगेवरून हलत नव्हते. शेवटी जीप बाहेर आली, ओढा ओलांडून माळावर चढली. फोन वाजला.

"आलं!" आक्का एकाच वेळी रडत होती आणि शिव्या देत होती. "मेंढी घिऊन आलं, कोकरू बी हाय! ह्या बाबाला मी आता..."

पुढचं कुमुदने ऐकलं नाही. "उतरवा," ती म्हणाली, आणि तिने पडद्यावर संमती दिली.

*

दुपार कलली तेव्हा डोंगर गावात शिरला.

शिरला तो पाहुण्यासारखा, पाऊल मोजून. आधी वरच्या आळीतल्या भिंती कलल्या आणि एकेक करून खाली बसल्या. धुरळा उठला, पण थोडाच. झाडं उभीच्या उभी पुढे आली. एक बाभूळ शाळेच्या पटांगणात येऊन थांबली, जणू तिथेच उगवली होती. माळावर शेकडो माणसं होती, पण रडण्याचाही आवाज येत नव्हता. लहान मुलं आईबापांच्या खांद्यावर बसून बघत होती. मोटरींचा आवाज उतरत उतरत गुणगुण झाला, गुणगुणीचा उसासा झाला. शेवटी पडद्यावर आलं : 'नळ रिकामा. पुढे?'

कुमुदने शेवटची संमती दिली. सहाही शाफ्ट फिरता फिरता दिसू लागले, एकेक बोल्ट मोजता येऊ लागला, आणि ते थांबले. त्याच सुमाराला डोंगरही थांबला.

बंडगर गच्चीवर आले. इतक्या दिवसांच्या घुमाऱ्यानंतर आलेली ती शांतता एवढी मोठी होती की ओढ्यापलीकडे मेंढरं बें बें करत होती, तेही इथवर ऐकू आलं.

*

जमीन पुरती स्थिरावली आहे अशी खात्री झाल्यावर, चौथ्या दिवशी लोकांना थोड्या थोड्या संख्येने आत सोडलं. कुमुद आक्काबरोबर गेली. चार दिवसांत आक्का तिच्याशी कामापुरतंही बोलली नव्हती.

वरची आळी उरली नव्हती. तिथे आता तांबड्या मातीचा, ओलसर वासाचा नवा उतार होता. मधल्या आळीतली घरं मोडली होती, पण चिरडली नव्हती. मोडल्या भिंतींतून लोक आपापली भांडी, पेट्या, दारं काढून घेत होते. आक्काचं घर होतं तिथे नव्हतं. दोघी शोधत पुढे गेल्या.

ते ओढ्याकाठी उभं होतं. मातीने त्याला जोत्यासकट, अंगणाच्या तुकड्यासकट उचलून पुढे आणलं होतं. एक भिंत फुगली होती, कौलं विस्कटली होती, आणि दार, जे पूर्वी डोंगराकडे उघडायचं, ते आता ओढ्याकडे तोंड करून उभं होतं. अंगणातला मेंढ्यांना पाणी पाजायचा दगडी हौद तसाच होता. त्यात पाणीसुद्धा होतं.

आक्का हौदापाशी गेली. पाण्यात हात बुडवून बघितला. मग घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तिने तो ओला हात ठेवला.

"आक्का," कुमुद म्हणाली, "आत नको जाऊस. या घरात आता राहता येणार नाही. मला ठाऊक आहे, मी..."

"गप." आक्काने मान वळवली नाही. "पाण्याला गेल्यावर डोईवर हंडा चढवाया बाई लागती, तशी उतरवाया बी लागती. एकटीनं उतरवला तर फुटतोच." तिने भिंतीवरून हात फिरवला. "मी त्या दिशी म्हनले, तू पाडणार. पाडलं न्हाईस गं तू. उतरवलंस."

उतारावर दाजी मेंढरं घेऊन येत होते. नवं कोकरू त्यांच्या खांद्यावर होतं आणि नवी माती बघून बें बें करत होतं. आक्काने पदराने डोळे कोरडे केले आणि विस्कटलेल्या कौलांकडे बघितलं.

"चल, धर ती कौलं," ती म्हणाली. "चांगली हायती तेवढी काढून घिऊ. नव्या घराला लागतील."

कुमुदने साडीचा पदर खोचला, आणि दोघी बहिणी कौलं उतरवायला लागल्या.